आईने पाचगणी म्हटलं

आमच्या घरात सुट्टीला कुठे जायचं हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण आम्ही कुठे जातच नव्हतो. मे महिना आला की बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारायचं, दुपारी खिडक्यांना ओली चादर बांधायची आणि पंख्याखाली फरशीवर पडून राहायचं, हीच आमची सुट्टी. बाबा रेल्वेच्या कचेरीत होते. त्यांना प्रवासाचे पास मिळत, पण बाबा एकटेच नातेवाइकांच्या लग्नामुंजींना जात आणि त्यांत ते संपून जात. त्या वर्षी मात्र बाबांनी एका रविवारी जेवताना जाहीर केलं, ‘‘या मेमध्ये थंड हवेच्या ठिकाणी जायचं. चौघांनी. ठिकाण तुम्ही ठरवा.’’

गुजरात वेगळा होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. मी तेरा वर्षांची होते, दादा सतरा वर्षांचा. आम्ही दोघं एकदमच ओरडलो, ‘‘अबू!’’

त्याला कारण होतं. आमच्या शेजारच्या बेन दर दोन वर्षांनी मुलांना घेऊन अबूला जात. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, माझी जिवलग मैत्रीण. तलावातली होडी, राजस्थानी घागरा-ओढणी घालून काढलेले फोटो, संध्याकाळी सूर्य बघायला जमलेली गर्दी, हे सगळं मला तिच्या तोंडून ऐकून पाठ झालं होतं. त्या वर्षीही ते लोक जाणार होते. बेन ओट्यावरूनच आईला म्हणाल्या होत्या, ‘‘साथे चालो ने बेन, आबू तो स्वर्ग छे!’’

बाबांनी मान हलवली. ‘‘अबू सोयीचं आहे. अहमदाबादला गाडी बदलली की थेट अबू रोड.’’

आई ताकाची वाटी माझ्यापुढे ठेवत होती. ती म्हणाली, ‘‘पाचगणी.’’

दादा हसला. मीही हसले. आईने कधी कुठल्या गोष्टीत आपली पसंती सांगितल्याचं आम्हाला आठवत नव्हतं. साडीसुद्धा ती बाबांना विचारूनच घ्यायची. बाबांनाही गंमत वाटली. ‘‘पाचगणी? तिथे काय आहे? शाळा आणि दवाखाने. त्यापेक्षा महाबळेश्वर तरी म्हण.’’

‘‘पाचगणी,’’ आई पुन्हा म्हणाली, आणि ताकाचं भांडं उचलून आत गेली.

तो विषय तिथेच संपेल असं वाटलं होतं. पण दोन दिवसांनी बाबांनी पासाचा अर्ज भरायला काढला तेव्हा आई समोर येऊन उभी राहिली. ‘‘अर्जात पुणे लिहा. पुढे एसटी आहे.’’

मला राग आला. मी फणकाऱ्याने म्हणाले, ‘‘तुला काय माहीत पाचगणीचं? तू तर कधी बडोद्याच्या बाहेर गेलीच नाहीस.’’

आईने माझ्याकडे बघितलं. ती रागावली नाही. ‘‘हो. नाही गेले,’’ एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यात घरातलं वातावरण बिघडत गेलं. बाबा दर संध्याकाळी कचेरीतून आले की विचारायचे, ‘‘गेला का तुझा हट्ट?’’ आणि आई पोळ्या लाटत राहायची. तिला कारण विचारलं तर सांगायची नाही. बेनना अबूच्या धर्मशाळेला पत्र लिहायचं होतं, त्या रोज विचारायच्या, किती माणसं धरू? बाबांना त्यांच्यासमोर ओशाळल्यासारखं व्हायचं.

मग एका दुपारी आईने सांगितलं. दादा क्रिकेटला गेला होता. बाबा सुट्टीमुळे घरी होते. आई स्वयंपाकघरात छुंद्यासाठी कैऱ्या किसत होती आणि मी मधल्या दाराशी किसलेल्या कैरीला साखर चोळत बसले होते. बाबा पाणी प्यायला आत आले आणि माठाशी उभे राहून म्हणाले, ‘‘आज मला काय ते कळलंच पाहिजे. पाचगणीला आहे कोण तुझं?’’

आईने किसणी बाजूला ठेवली. ‘‘माझी ताई आहे.’’

‘‘कोण ताई?’’

‘‘माझी मोठी बहीण.’’

बाबा हातातलं भांडं तसंच धरून राहिले. ‘‘तुझी मोठी बहीण तर वारली. लग्न ठरताना तुझ्या वडिलांनी मला स्वतः सांगितलं होतं.’’

‘‘त्यांनी वारली नाही सांगितलं. ते म्हणाले, थोरली होती, ती गेली. गेली म्हणजे पाचगणीला गेली. तिला क्षय झाला होता.’’

आईचे वडील, माझे आजोबा, संस्थानच्या काळात मोठ्या कचेरीत अधिकारी होते. दांडिया बाजारात राहायचे. तोलून-मापून बोलणारे म्हणून त्यांची ख्याती होती. त्या माघात ते गेले. शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं आणि आई दर गुरुवारी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायची, एवढं मला ठाऊक होतं. आता कळलं की वर्तमानपत्राबरोबर ती आणखी काही वाचून दाखवत असे. वर्षातून एकदा पाचगणीहून कार्ड यायचं. ताई अठराव्या वर्षी आजारी पडली. आजोबांनी तिला पाचगणीच्या एका दवाखान्यात ठेवलं. तीन वर्षांनी ती बरी झाली, डॉक्टरांनी घेऊन जा म्हणून लिहिलं. पण तोवर आईचं लग्न ठरत आलं होतं. घरात क्षयाची मुलगी आहे हे कळलं असतं तर ते मोडलं असतं. आजोबांनी उत्तर पाठवलं की थोडे दिवस तिथेच राहू दे. ते थोडे दिवस मग संपलेच नाहीत. ताईला त्याच दवाखान्यात शिवणाच्या खोलीत काम मिळालं.

‘‘आणि तू इतकी वर्षं मला बोलली नाहीस,’’ बाबा म्हणाले.

‘‘माझ्या बाबांनी शपथ घातली होती. ते असेपर्यंत बोलायचं नाही. आता ते नाहीत. मी ताईला कळवलं. तिचं कार्ड आलं, एकदा येऊन जा म्हणून.’’

बाबांचं लक्ष तेव्हा माझ्याकडे गेलं. मी साखरेचे हात घेऊन तशीच बसले होते. ‘‘तू बाहेर जा,’’ ते म्हणाले. मी गेले, पण फार लांब गेले नाही. बाबांचा आवाज चढलेला मला ऐकू येत होता. क्षयाबद्दल ते फारसं बोलतच नव्हते. ‘‘मला फसवलं. एवढ्या मोठ्या माणसाने मला फसवलं, आणि तूही,’’ हेच ते परत परत म्हणत होते.

त्यानंतर बाबा तीन दिवस आईशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना मोठ्या दवाखान्यात नेऊन छातीचे फोटो काढून आणले. दादाला आणि मला सांगितलं की प्रवासाआधी करून घेतलेलं बरं. दादाला ते खरं वाटलं. मी आईकडे बघत होते. ती रांगेत आमच्या मागे उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. तिला आधी आत बोलावलं. ती बाहेर आली आणि दादा आत गेला, तेव्हा बाबांनी तिला विचारलं, ‘‘लहानपणी तुम्ही एकाच ताटात जेवत होता का?’’ ती म्हणाली, ‘‘हो. बहिणी होतो.’’

चौघांचेही फोटो स्वच्छ आले. बाबांनी ते मोठ्या खाकी पाकिटांत घालून कपाटावर ठेवले. मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण त्या संध्याकाळी बाबांनी दादाला आणि मला समोर बसवलं. आईला सगळं ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, ‘‘तुमची सुट्टी आहे, तुम्हीच ठरवा. अबू का पाचगणी?’’

दादाला काहीच माहीत नव्हतं. ‘‘हे काय विचारणं झालं? अबू.’’

बाबा माझ्याकडे वळले. मला सगळं माहीत होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. आई आत देवापाशी वाती करत होती, तिचे हात थांबलेले मला दिसत होते. मी म्हणाले, ‘‘अबू.’’

का म्हणाले? पुढे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. होडीत बसायचं होतं, मैत्रिणीला शब्द दिला होता, हे खरंच. पण त्याहून खरं हे की मला त्या बाईची भीती वाटली होती. जी मेली म्हणून आम्हाला माहीत होतं आणि जी मेली नव्हती, अशी मावशी मला नको होती.

आईने वाती डब्यात भरल्या आणि बाहेर येऊन बाबांना म्हणाली, ‘‘मुलांना घेऊन तुम्ही अबूला जा. मी पाचगणीला जाते.’’

‘‘एकटी?’’

‘‘एकटी.’’

सूरसागर तलावाच्या पलीकडे जायचं तरी सोबत शोधणारी बाई हे बोलत होती. दोन दिवस विचार करून बाबांनी तोड काढली. ते आणि दादा शेजाऱ्यांबरोबर अबूला जातील. मी आईच्या सोबतीला जायचं. ‘‘बाईमाणसाने इतक्या लांब एकटं जाणं बरं नाही,’’ असं त्यांनी कारण दिलं. मी रडले, जेवले नाही, पण त्याचा उपयोग झाला नाही.

बेनना बाबांनी सांगितलं की वाईला आईच्या नात्यात लग्न निघालं आहे. मैत्रिणीने मला ओट्यावर विचारलं, ‘‘कोनुं लग्न छे?’’ आणि मी क्षणभरही न अडखळता सांगितलं, आईच्या मामेबहिणीचं. नवरीच्या शालूचा रंगसुद्धा सांगितला. इतकं सहज खोटं बोलता येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

स्टेशनावर गाडी सुटायच्या आधी बाबांनी मला खिडकीशी बोलावलं. आई सामान लावत होती. ते हळूच म्हणाले, ‘‘तिथे तिच्या हातचं काही खाऊ-पिऊ नकोस. बाजारातलं खा. आईला बोलू नकोस.’’ मी मान डोलावली.

मुंबईला बाबांच्या खात्यातले एक गृहस्थ आले होते, त्यांनी आम्हाला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. पुण्याहून एसटी. वाई सोडल्यावर घाट सुरू झाला आणि आई खिडकीकडे सरकून बसली. खाली कृष्णेचं पात्र आणि शेतांचे तुकडे लहान लहान होत गेले. आई म्हणाली, ‘‘याच रस्त्याने तिला आणलं. मी पंधराची होते. बडोद्याला दारात घोडागाडीत बसताना तिने मला विचारलं होतं, तू येणार ना भेटायला? मी हो म्हटलं.’’ एवढं बोलून ती पुन्हा बाहेर बघायला लागली.

पाचगणीच्या स्टँडवर उतरलो तर हवा खरोखरच थंड होती. उंच सिल्व्हर ओकची झाडं, लाल माती, चपलांची आणि पाव-बिस्किटांची दुकानं. एक बारीक, उंच बाई फाटकापाशी उभी होती. केस आखूड कापलेले, अर्धे पांढरे, अंगावर फिकट सुती साडी. आईपेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण दहा वर्षांनी मोठी दिसत होती. तिने आम्हाला ओळखलं होतं, तरी ती पुढे आली नाही. चार हातांवर थांबली. आईनेच पिशवी खाली टाकली, जाऊन तिला मिठी मारली. मला आठवतं ते असं की मावशीने आईला घट्ट धरलं होतं, पण तोंड पूर्ण दुसरीकडे वळवून. आपला श्वास दुसऱ्याच्या अंगावर जाऊ द्यायचा नाही, ही वीस वर्षांची सवय होती.

‘‘ही धाकटी ना?’’ तिने माझ्याकडे बघून विचारलं. ‘‘केवढी उंच झाली आहेस ग.’’ जणू तिने मला आधी कधी पाहिलं होतं.

बाजारातल्या एका खाणावळीच्या वरची खोली तिने आमच्यासाठी घेऊन ठेवली होती. सामान तिथे टाकून आम्ही तिच्या दवाखान्याकडे निघालो. चढ होता, ऊन होतं, माझा घसा कोरडा पडला होता. आवारात लांबच लांब व्हरांडे होते आणि त्यात आरामखुर्च्यांवर माणसं छातीपर्यंत कांबळी ओढून पडली होती. मधूनच कुणीतरी खोकायचं. मी रुमाल नाकाशी धरला. मावशीने ते पाहिलं आणि आम्हाला मागच्या बाजूने, झाडांमधून नेलं.

तिची खोली अगदी लहान होती. लोखंडी खाट, शिवणयंत्र, स्टोव्ह, खिडकीत तुळशीचं रोप. टेबलावर काचेचे तीन पेले मांडून ठेवले होते. तिने लिंबाचं सरबत केलं, वर थोडी वेलची घातली, आणि एक पेला माझ्यापुढे धरला.

‘‘मला तहान नाही,’’ मी म्हणाले.

तिचा हात तसाच राहिला. मग ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘नवे आहेत पेले. परवाच आणले. मी त्यांतून प्यालेली नाही.’’

पेल्याच्या बुडाशी दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली मला दिसत होती. आम्ही घाबरणार हे तिने आधीच धरलं होतं आणि त्याची तिने स्वतःच सोय केली होती. ते समजण्याइतकी मी मोठी होते. तरी मी पुन्हा म्हणाले, ‘‘खरंच तहान नाही.’’

आईने आपला पेला संपवला होता. तिने मावशीच्या हातातून माझा घेतला आणि तोही प्यायली. मग मावशीनेच बडोद्याचा विषय काढला. सूरसागरला पाणी किती असतं? रावपुऱ्याच्या टॉवरचं घड्याळ चालतं का? देवळात गोकुळाष्टमीला कीर्तन होतं का? तिचं बोलणं ऐकून मला नवल वाटलं. पाचगणीत इतकी वर्षं राहून ती अगदी बडोद्यासारखं बोलत होती. मध्येच ‘हा ने’ म्हणायची, दार बंद कर याला ‘दार वास’ म्हणायची. आमच्या घरातही तसं आता कुणी बोलत नव्हतं. फक्त आजोबा बोलायचे.

खाणावळीकडे परत येताना मी थपडेची वाट बघत होते. आईने विचारलं, ‘‘बाबांनी सांगितलं होतं ना?’’

मी हो म्हटलं.

‘‘आणि तुला काय वाटतं?’’

मी झपाझप पुढे चालायला लागले. आईनेही पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही.

आम्ही सहा दिवस राहिलो. मावशी रोज दुपारी काम संपलं की आम्हाला फिरायला न्यायची. टेबललँडवर चढताना मी आणि आई धापा टाकत होतो आणि ती पुढे जाऊन आमची वाट बघत उभी राहायची. जिच्या फुप्फुसांची मला भीती वाटत होती, तिला दम लागत नव्हता. तिथल्या त्या अफाट सपाट माळावर वारा असा होता की पदर धरून ठेवायला लागायचा. तिथे बसून तिने मला लोकरीचे उलटे टाके शिकवले. तिच्या हातातल्या सुया मी घेतल्या, लोकर घेतली. खायला मात्र मी तिच्याकडून काही घेतलं नाही, आणि तिनेही पहिल्या दिवसानंतर मला काही पुढे केलं नाही. बाजारात गेलो की ती आईला बोटाने दाखवायची, ‘‘हिला ते बन घेऊन दे. ताजे असतात.’’

शेवटच्या दुपारी आई तिला म्हणाली, ‘‘ताई, आता तू बडोद्याला चल.’’

मावशी चादरीची किनार दुमडत होती. ‘‘कोण म्हणून येऊ?’’

‘‘कोण म्हणून म्हणजे? माझी बहीण म्हणून.’’

‘‘तुझी बहीण गेली ना? सगळ्या दांडिया बाजाराला माहीत आहे.’’ ती हे कडवटपणे बोलली नाही, अडचण समजावून सांगावी तसं बोलली. ‘‘तुझ्या घरच्यांना काय सांगशील? शेजाऱ्यांना? ही कुठे गेली म्हणून सांगितलंय इथे येताना?’’

मी खाली बघत होते. ‘‘वाईला. लग्नाला,’’ आई म्हणाली.

‘‘बघ,’’ मावशी म्हणाली. ‘‘हिचं लग्न होऊ दे. मग बघू.’’

निघताना तिने आईच्या पिशवीत तुतीच्या मुरंब्याची बाटली ठेवली. घरी आल्यावर आईने ती फळीवर मांडली. दादा अबूहून काळा होऊन आला होता, फोटो दाखवत होता, तलावाच्या गोष्टी सांगत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुरंब्याची बाटली उघडली आणि पोळीला लावून खायला लागला. ‘‘मस्त आहे, कुठून आणला?’’ बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून अर्धवट उठले. आईने त्यांच्याकडे बघितलं. ते पुन्हा बसले. दादाने आठ दिवसांत बाटली संपवली आणि त्याला काहीही झालं नाही.

त्यानंतर आई दर मे महिन्यात पाचगणीला जाऊ लागली, एकटी. बाबा पास काढून द्यायचे, स्टेशनावर सोडायला जायचे, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर वाईचं कुणीतरी लग्न किंवा आजारपण सांगायचे. दादालाही पुढे कधीतरी कळलं. मी पुन्हा गेले नाही. आधी परीक्षा होत्या, मग कॉलेज, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायची मला लाज वाटत होती. मावशी माझ्यासाठी दर वर्षी एक स्वेटर पाठवायची. बडोद्याच्या हिवाळ्यात त्याची गरज नसायची. मी आभाराचं पत्र लिहायला बसायचे आणि दोन ओळींपुढे जायचे नाही.

माझं लग्न बघायला सुरुवात झाली तेव्हा बाबांनी एकदा आईला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘आजोळची चौकशी झाली तर एकुलती एक होते म्हणून सांग. उगाच नको ते.’’

पहिलं स्थळ चांगलं होतं. मुलगा इंजिनियर होता, बडोद्याजवळच बाजव्याला नोकरीला. मला तो आवडला होता. चहा-पोहे झाल्यावर मुलाच्या आईने सहज विचारलं, ‘‘तुमच्या माहेरी कोण कोण आहे?’’

आई म्हणाली, ‘‘आईवडील गेले. एक मोठी बहीण आहे. पाचगणीला दवाखान्यात शिवण करते. तरुणपणी तिला क्षय झाला होता, ती बरी झाली.’’

कुणाच्या लक्षात येऊ नये असं बाबांनी डोळे मिटले. मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवला आणि त्या हवापाण्याचं बोलायला लागल्या. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

बाबा आईला काही बोलले नाहीत. बोलले मी. स्वयंपाकघरात जाऊन तिच्या अंगावर ओरडले, ‘‘एवढं सांगायची गरज काय होती? विचारलं का कुणी तुला आजाराचं?’’

आई भाजी चिरत होती. ‘‘तुझ्या आजोबांनीही हाच विचार केला होता. विचारलं का कुणी?’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना वाटलं, माझं चांगलं होईल. माझं झालंही चांगलं. पण ती इतकी वर्षं तिथे बसून राहिली. तुला असं चांगलं मला करून द्यायचं नाही.’’

मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. मनातून मला कळत होतं की बरोबर ती आहे, आणि तरी तो मुलगा हातचा गेला याचं दुःख होतं. दोन्ही खरं होतं. पुढच्या दोन ठिकाणीही आईने तेच वाक्य तसंच सांगितलं. दुसरं स्थळ मोडलं. तिसऱ्या घरातले सासरे बडोद्याजवळच्या सावली गावी शाळामास्तर होते. ते म्हणाले, ‘‘आमच्या भावालाही झाला होता. तो वाचला नाही. तुमची बहीण वाचली, नशीबवान.’’ तिथे माझं लग्न ठरलं.

आईने त्याच दिवशी मावशीला पत्र लिहिलं. लग्नाची तारीख, कार्यालय, गाडीची वेळ. कुणी विचारलं तर माझी ताई म्हणून सांगेन, असंही लिहिलं. या खेपेला पत्राखाली मीही लिहिलं, ‘मावशी, नक्की ये.’ आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण तेवढीच जागा राहिली होती, असं मी स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर वळणदार, जुन्या पद्धतीचं. ‘मुलीस अनेक आशीर्वाद. येथे शिवणाचे काम फार आहे. रजा मिळत नाही. राग मानू नये.’

आईने ते दोनदा वाचलं आणि बाबांपुढे ठेवलं. बाबा तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं, उलटं करून पाहिलं, परत वाचलं. मग ते म्हणाले, ‘‘मी जाऊन घेऊन येऊ का त्यांना? माझा पास शिल्लक आहे.’’

त्यांनी मावशीचा उल्लेख ‘त्यांना’ असा मानाने केलेला मी पहिल्यांदा ऐकत होते.

आई म्हणाली, ‘‘रजा मिळते हो. दर वर्षी मी गेले की ती आठ दिवस रजा काढते. तिला यायचं नाही.’’

‘‘मी समजावून सांगतो.’’

‘‘तिला यायचं होतं तेव्हा कुणी आणायला गेलं नाही,’’ आई म्हणाली. ‘‘आता तिला तिथलं जग आहे. तुम्ही जा हवं तर. पण आणायला म्हणून जाऊ नका. भेटायला म्हणून जा.’’

बाबांनी ते कार्ड आपल्या खिशात ठेवलं. माझं लग्न झाल्यावर, पावसाळ्याच्या तोंडाशी, ते एकटेच पाचगणीला गेले आणि तीन दिवसांनी परत आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. आईने विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘त्यांनी मला जेवायला वाढलं.’’